हजेरीबाईंचं कर्नेल

इस्त्रीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जुने संगणक दुरुस्त करायचा एक कारखाना आहे. कारखाना आपला म्हणायचा. खोल्या दोनच, भिंतभर लोखंडी मांडण्या, त्यांवर पोट उघडून ठेवलेले संगणक आणि स्क्रू ठेवायला बरण्यांची झाकणं. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर येते. त्यामुळे आमच्याकडून गेलेल्या संगणकाला धुतलेल्या कपड्यांचा वास येतो, असं मालक गिऱ्हाइकाला मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि गिऱ्हाईकही बिचारं वास घेऊन बघतं. या कारखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर ज्या बसतात, त्यांना सगळे हजेरीबाई म्हणतात. त्यांचं खरं नाव मालकांनाही दोन मिनिटं डोकं खाजवल्याशिवाय आठवत नाही.

बाईंचं काम कोणाला पटकन सांगता येत नाही, आणि बाईंना ते सांगायचा कंटाळा नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याचीच पंचाईत होते. मोठ्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेले संगणक त्यांच्याकडे येतात. ही म्हातारी यंत्रं. आजकालची भारीभक्कम ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्या अंगावर टाकली की धापा टाकायला लागतात. म्हणून बाई प्रत्येक जागेसाठी वेगळं, आटोपशीर कर्नेल बांधून देतात. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कोणतं बटण दाबलं, पडद्यावर काय दाखवायचं, प्रिंटर जागा आहे की झोपलाय, सगळं त्याच्या हातून जातं. आणि हा कारभारी घडवण्याआधी त्याच्यासाठी एक फाइल तयार करावी लागते, की बाबा, तू कोणाकोणाला ओळखायचंस.

त्यासाठी प्रश्न असतात, हजारोंनी. अमुक जातीचं कार्ड असेल का, तमुक घराण्याचा कॅमेरा असेल का. बहुतेक प्रश्नांना तीन उत्तरं चालतात. 'हो' म्हणजे घरातला माणूस, कायम मुक्कामाला. 'नाही' म्हणजे दार बंद. आणि तिसरं उत्तर 'मॉड्यूल', म्हणजे शेजारी: एरवी स्वतःच्या घरात, हाक मारली की लगेच हजर. बाईंना हे तिसरं उत्तर फार आवडतं. अशी सोय माणसांत असती तर निम्मी भांडणं मिटली असती, असं त्या म्हणतात.

आता एवढे प्रश्न हाताने सोडवत बसायचं तर केस पांढरे व्हायचे. बाईंचे झालेच आहेत, ती गोष्ट वेगळी. म्हणून एक जवळची वाट आहे. संगणकालाच सांगायचं, आत्ता या घडीला तुला कोण कोण जोडलेलं आहे ते बघ, तेवढे ठेव आणि बाकीचे काढून टाक. तो चुटकीसरशी फाइल करून देतो. कर्नेल इवलंसं होतं आणि म्हातारं यंत्र टुणकन उठून बसतं. पण या वाटेवर एक खड्डा आहे. त्या घडीला जो जोडलेला नाही, तो त्या कारभाऱ्याच्या लेखी जन्मालाच आलेला नाही. उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर कारभारी त्याच्याकडे नुसता बघत बसणार.

हा खड्डा चुकवायला बाईंनी हजेरीची पद्धत पाडली. नवीन जागेचं काम आलं की त्या एक संगणक घेऊन तिथे जातात, मधोमध मांडतात आणि सगळ्यांना आपापल्या वस्तू घेऊन बोलावतात. एकेक वस्तू जोडायची, दिवा लागला की मोठ्याने 'हजर' म्हणायचं आणि पुढची. लोक हसतात. पण बाई हलत नाहीत. "आणखी कोण राहिलं? कपाटात? खणात? कोणाच्या पिशवीत?" असं विचारून त्या इतकं भंडावून सोडतात, की एका दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शेवटी माळ्यावरून धूळ खाणारा वजनकाटा काढून आणला. तो खरंच लागायचा, वर्षातून एकदा. हजेरी झाल्याशिवाय फाइल नाही, हा बाईंचा कायदा. कोणी राहिलं असं आजवर झालं नव्हतं, आणि बाईंना त्याचा थोडा तोराही होता.

झालं ते घरच्याच माणसाच्या बाबतीत.

बाई राहतात थोरल्या भावाकडे, म्हणजे दादांकडे. दादा, वहिनी आणि त्या, एवढंच घर. दादा छापखान्यात मराठी-इंग्रजी मुद्रितं तपासायचे. तिथे त्यांना घार म्हणत, कारण पानावरून नजर फिरवता फिरवता ते चूक अशी उचलायचे, की खिळे जुळवणाऱ्याला वाटायचं हा माणूस चुका स्वतःच पेरतो आणि स्वतःच काढतो. बाईंना वाचायला शिकवलं ते त्यांनीच, पाठीत धपाटे घालून. मग त्यांची नजर अधू होत गेली. आधी कडा गेल्या, मग ओळी गेल्या, मग एक दिवस पानच गेलं. छापखान्याने निरोप दिला. त्यानंतर दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. रेडिओच्या बातम्यांतल्या चुका काढायच्या आणि घरातल्यांवर डाफरायचं, एवढाच उद्योग उरला.

त्यांना खुर्चीतून उठवलं वहिनींनी. वहिनी शिवणकाम करतात आणि तोंडात टाचण्या धरल्यासारख्या कमी बोलतात. बोटांनी वाचायला शिकवणारा एक वर्ग त्यांनी शोधून काढला आणि दादांचा हात धरून रोज पोचवायला जायला लागल्या. "हातात मशीनचं चाक फिरतं तसंच आहे हो ते, सवयीने येतं," एवढंच म्हणाल्या. त्या वर्गाकडून दादांना एक पट्टी वापरायला मिळाली. कळफलकाएवढी लांब, आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्यांसारखे बारीक ठिपके. संगणकावर जी ओळ असेल ती ठिपके वर-खाली होऊन बोटांना सांगतात. पट्टी जुनी, तिची वायरही जुन्या धाटणीची. ती आजच्या संगणकाला लावायची तर मध्ये बोटाएवढा एक अडॅप्टर लागायचा.

सगळं घर हरखून जावं अशी ही गोष्ट. पण बाईंना ती बघवत नसे. ज्या माणसाने पान एका नजरेत पिऊन टाकलेलं आपण पाहिलं, तो आता बालवाडीतल्या पोरासारखा एकेक अक्षर चाचपडतोय, ओठ हलवतोय, चुकतोय, पुन्हा मागे जातोय. दादांनी पट्टी काढली की बाई उठायच्या आणि मोरीत जाऊन स्वच्छ असलेले कप पुन्हा विसळायच्या. वहिनी बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. वहिनींचं ते न बोलणं भल्याभल्यांना घाम फोडणारं होतं.

अशात वाचनालयाचं काम आलं. तिथल्या ग्रंथपालबाईंना सगळे संगणक बदलून हवे होते. शिवाय चौकशीच्या टेबलावर फोन घ्यायला एक माणूस हवा होता: अमुक पुस्तक आहे का, तमुक परत आलं का, हे संगणकावर बघून सांगणारा. वहिनी ग्रंथपालबाईंचे पडदे शिवायला गेल्या होत्या. तिथे त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि दादांचं नाव सुचवलं. ग्रंथपालबाई सरळ माणूस. "एक दिवस बसून बघा," म्हणाल्या. "कोणाच्या मदतीशिवाय जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर मला दुसरं कोणी बघावं लागेल, राग मानू नका." दादांनी त्या दिवसापासून पट्टीला हातापासून वेगळं केलं नाही.

हजेरीबाईंनी वाचनालयात हजेरी घेतली ती अगदी डोळ्यांत तेल घालून. पुस्तकांवरच्या रेघा वाचणारी बंदूक, हजर. पावत्यांचा प्रिंटर, हजर. स्कॅनर, हजर. मुलांच्या खोलीतला खेळायचा दांडा, तोही हजर. कपाट, खण, पिशव्या, सगळं विचारून झालं. त्याच वेळी दादांची पट्टी घरी दादांच्या मांडीवर होती आणि दादा घाम गाळत सराव करत होते. ती बाईंच्या डोक्यातही आली नाही. जी वस्तू बघायचीच नाही असं मनाने ठरवलं होतं, ती आयत्या वेळी आठवणार कशी? फाइल तयार झाली, कर्नेल बांधलं गेलं, संगणक पोचले.

त्या सकाळी दादांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. बाई त्यांना घेऊन वाचनालयात गेल्या तेव्हा त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला होता, आपला भाऊ आणि आपलाच संगणक म्हणून. दादा खुर्चीत बसले. टेबलाच्या कडा चाचपल्या, फोन कुठे आहे ते पाहिलं, पट्टी समोर ठेवली, अडॅप्टर लावला. बोटं टेकवली आणि थांबले. मग वायर काढून पुन्हा लावली. ठिपके आपले सपाट.

"बारके," दादा हळूच म्हणाले. बाई पन्नाशीला आल्या तरी घरात त्या बारकीच. "पट्टी गेली बहुतेक."

फोन वाजला. दादांनी उचलला, पलीकडच्याने पुस्तकाचं नाव सांगितलं, आणि दादांना "जरा थांबा हं" यापलीकडे काही बोलता येईना. शेवटी ग्रंथपालबाईंनी त्यांच्या हातून फोन घेतला आणि उत्तर दिलं. त्या काही वाईट बोलल्या नाहीत, पण दादांचा चेहरा खर्रकन उतरला. सदऱ्याची इस्त्री तेवढी ताठ राहिली.

बाईंनी संगणकाची नोंद उघडून पाहिली. तिथे सरळ लिहिलं होतं: काहीतरी जोडलं गेलं आहे. बस, एवढंच. दार वाजल्याचं कारभाऱ्याला कळलं होतं, पण आलेल्या पाहुण्याला ओळखणारं आत कोणीच नव्हतं. त्या अडॅप्टरला ओळखणारा भाग, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, फाइलीतून गाळला गेला होता. पट्टी गेली असं दादांना वाटत होतं, ग्रंथपालबाईंनाही पटलं असतं, आणि जुन्या वस्तूवर खापर फोडणं काही कठीण नव्हतं. बाईंनी तो विचार आला तसा हाकलून दिला.

"दादा, पट्टी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मीच तुला हजेरीत घेतलं नाही."

दादा अडॅप्टरची वायर गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "सगळ्या गावाला पिशव्या उपसायला लावतेस. रोज शेजारी बसून जेवतेस त्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही?"

"मला बघवत नाही रे, तुला असं चाचपडत वाचताना." बाई म्हणाल्या. "तू कसा वाचायचास ते मी पाहिलंय."

"मग डोळे मिटून बस," दादा म्हणाले. "मी तरी कुठे उघडून वाचतो?"

ग्रंथपालबाई हे सगळं ऐकत उभ्या होत्या. त्यांनी घसा साफ केला. "उद्या सकाळी दार उघडेपर्यंत नीट होईल का? उद्याचा पहिला फोन तुम्ही घ्या. तो झाला की खुर्ची तुमची. नाही तर माझाही नाइलाज आहे."

दोघं तडक कारखान्यात आली. मालकांनी दादांना स्वतःची खुर्ची दिली आणि खाली चहा सांगायला गेले. खरं म्हणजे गाळलेला तेवढा एक ड्रायव्हर पुन्हा आत घेऊन काम भागलं असतं. पण बाईंचा त्या फाइलीवरचा आणि स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. आणखी कोणाकोणाला घराबाहेर ठेवलं असेल, कोणी सांगावं? माणसं हाताने जोडतात त्या सगळ्या वस्तूंचे प्रश्न त्यांनी पुन्हा उघडले आणि एकेक मोठ्याने वाचायला लागल्या. प्रत्येक प्रश्नाखाली इंग्रजीत समजावणीच्या ओळी असतात. त्या बाई मराठीत सांगायच्या आणि दादा मुद्रित तपासल्यासारखे ऐकायचे.

"हौशी रेडिओवाल्यांसाठी सोय. नाहीच म्हणते."

"का? वाचनालयात हौशी माणसं येत नाहीत?"

"दादा, सगळ्यालाच हो म्हटलं तर यंत्र उठायचं नाही सकाळी."

"मग शेजारी ठेव. ते काय म्हणतेस तू, मॉड्यूल." दादा आता रंगात आले होते. "पुढे?"

बाईंनी पुढचा वाचला, मग त्याच्या पुढचा. अडॅप्टरचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी उत्तर दिलं आणि हळूच 'हजर' म्हणाल्या. दादांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"हे प्रत्येक समजावणीच्या शेवटी काय पुटपुटतेस?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "गाळू नकोस, सगळं वाच."

"काही नाही रे, ठरलेलं वाक्य असतं. 'खात्री नसेल तर नाही म्हणा.'"

दादा एवढ्या जोरात हसले की खाली इस्त्रीवाल्याने वर बघितलं असणार. "हे कोणी लिहिलंय? माझ्याबाबतीत सगळ्यांनी हेच केलं की. छापखान्याला खात्री नव्हती, नाही म्हणाले. तुला खात्री नव्हती, तू कप विसळायला गेलीस." हसू ओसरलं. "तुझ्या वहिनीला तरी कुठे खात्री होती, बारके? तिने फक्त मला विचारलं, येताय का म्हणून."

बाईंना कप विसळायला जावं तर कारखान्यात मोरीही नव्हती. त्या जागच्या हलल्या नाहीत. दादांनी पट्टीवर बोटं ठेवली होती. कारखान्याच्या संगणकाचं कर्नेल सगळ्यांनाच ओळखणारं, त्यामुळे त्यावर ठिपके जागे झाले होते, आणि दादा बाईंच्या बरोबरीने प्रश्न वाचत होते. हळूहळू, ओठ हलवत. एका अक्षराला अडले, मागे गेले, पुन्हा आले. आज बाईंनी ते पाहिलं, आणि पाहता पाहता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दादा अडखळत होते खरे, पण चुकलेल्या अक्षरावर त्यांची भुवई तशीच उडत होती, पूर्वी छापखान्यातल्या पानावर उडायची तशी. मधे त्यांनी समजावणीतली एक छपाईची चूकही पकडली आणि ती कोणाला कळवायची म्हणून बाईंचं डोकं खाल्लं.

प्रश्न संपले. बाई पडद्यावर अगदी वर गेल्या आणि थांबल्या.

"आता काय राहिलं?"

"सुरुवातीचा एक प्रश्न. या कर्नेलला आपलं म्हणून काही नाव द्यायचं का, असं विचारतात. मी नेहमी रिकामाच सोडते."

"मग सोड."

बाईंनी काहीतरी टाइप केलं. बटणांचा आवाज दादांनी ऐकला, पण मालक चहा घेऊन आले आणि विषय राहिला. चहा होईपर्यंत यंत्राने कर्नेल बांधायला घेतलं. पंखा घरघरायला लागला. उन्हं कलली तेव्हा काम पुरं झालं होतं, आणि वहिनी दोघांना न्यायला जिन्यात येऊन उभ्या होत्या. बाईंनी त्यांना झाला प्रकार सांगितला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि बाईंच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, एवढंच.

सकाळी वाचनालयाचं दार उघडायच्या आत तिघंही तिथे पोचली. नवं कर्नेल घालून बाईंनी संगणक सुरू केला. दादांनी अडॅप्टर लावला. ग्रंथपालबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. बाईंना डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण त्यांनी ते टक्क उघडे ठेवले. बारीक कुरकुर झाली आणि पट्टीवरचे ठिपके वर आले.

संगणक सुरू झाला की पहिली ओळ येते तिच्यात सिस्टिमचं नाव असतं आणि कर्नेलचा आकडा. दादांची बोटं त्या ओळीवरून निघाली. नाव झालं, आकडे झाले, टिंबं झाली. मग बोटं थबकली. एवढ्यावर ओळ संपायला हवी होती, पण पुढे आणखी अक्षरं होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले दोन मराठी शब्द. दादा मागे गेले, पुन्हा आले. भुवई उडाली.

"बारके, हे काय लिहून ठेवलंयस?"

"वाच की तूच."

दादांनी वाचलं. एकेक अक्षर, ओठ हलवत, अजिबात घाई न करता. बाई शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहिल्या.

"दादा हजर," ते म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. चाचपडावं न लागता त्यांचा उजवा हात थेट फोनवर गेला. डावा पट्टीवरच होता.

पलीकडून कोणीतरी त्रासलेल्या आवाजात विचारत होतं, कोणी आहे का तिथे? कालपासून फोन करतोय.

"हजर आहे," दादा म्हणाले. "विचारा."